पातेल्यातला चतुर

श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरी दोन पातेल्यांत स्वयंपाक व्हायचा. मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी माशाचं कालवण, आणि लहान पातेल्यात एकट्या आबासाठी काहीतरी बिनमाशाचं, शेंगदाण्याची आमटी नाहीतर मुगाची डाळ. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही भोई, कोरीटच्या अलीकडच्या एका गावात तळ्याच्या काठाला आमची दहा घरं होती. तळ्यात मासे वाढवायचे, नंदुरबारच्या बाजारात विकायचे, आणि बाजारात जे उरेल ते ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर घरी खायचं, असं आमचं चाले. माशाशिवाय जेवलं तर आमच्या लोकांना जेवल्यासारखंच वाटत नसे. तरी ते चार महिने आबा मासा तोंडात घालत नसे. "लोकेसना श्रावण एक महिना, आम्हना भाऊना चार," असं भिकाकाका चिडवायचा. हा आबाचा चुलतभाऊ, शेजारच्या घरात राहायचा. आबा हसून भाकरी मोडायचा आणि माझ्याकडे पाहून म्हणायचा, "मीठ जास्त व्हयनं आज." मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते आणि दोन्ही पातेली मीच शिजवत असे, कारण माय खाटेवर होती.

आबाच्या न खाण्याचं कारण असं की, तळ्यात बी सोडण्याचा मान त्याचा होता. भोयांमध्ये सगळीकडे ही रीत आहे की नाही मला ठाऊक नाही. पुढे नोकरीत फिरले तेव्हा विचारलं, तर काहींनी हो म्हटलं, काही नुसते हसले. आमच्या दहा घरांत मात्र ती पक्की होती. माशाचं बी एकाच माणसाच्या हातून पाण्यात जायचं. ज्याचा हात चांगला त्यानेच ते सोडायचं, आणि सोडल्या दिवसापासून पहिला मोठा मासा जाळ्यात येईपर्यंत त्याने मासा खायचा नाही. ज्यांना स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं त्यांच्या जातीचं कसं खाणार, एवढंच आजोबांनी आबाला सांगितलं होतं. आजोबांचा हात आबाकडे आला. गावात आबाला शेत नव्हतं, शाळा तर त्याने बाहेरूनच पाहिलेली. पण श्रावणात तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला की दहाही घरची माणसं काठावर चूप उभी राहायची. तो मान त्याच्या चालण्यात दिसायचा, असं आज मला वाटतं.

बी सरकारी केंद्रातून आणावं लागे. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलांना जिरं म्हणतात, दिसतातही तशीच, जिऱ्याच्या दाण्याएवढी. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर हवा भरून गच्च बांधलेलं तोंड, आणि आत ते जिरं वळवळत असायचं. आबा ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीने यायचा. एकदा कंडक्टरने विचारलं, "काय शे त्यामा?" आबा म्हणाला, "पोरं शेतस." "कितला?" "व्हतीन लाखभर." "मंग तिकिटं काढ सर्वासना." हा किस्सा आबा दरवर्षी सांगायचा आणि आम्ही दरवर्षी हसायचो. घरी आल्यावर तो पिशवी न उघडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवायचा, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ द्यायचा, आणि मग तोंड सोडून पिशवी तिरपी धरायचा. ओतायचा नाही. पिलं आपापली बाहेर निघेपर्यंत हात तसाच धरून ठेवायचा.

हे जिरं एकदम मोठ्या तळ्यात टाकलं तर दुसऱ्या दिवशी शोधून सापडायचं नाही, म्हणून आधी तळ्याशेजारच्या लहान खड्ड्यात वीसेक दिवस वाढवायचं. त्या खड्ड्याचं पाणी साफ करणं हे मोठं काम होतं. पाण्यात नाना तऱ्हेचे किडे असतात आणि सगळ्यांना जिरं आवडतं. आबा साबण आणि तेल एकत्र कालवून, वारा पडलेला पाहून, पाण्यावर शिंपडायचा. पाण्यावर पातळ साय धरल्यासारखं व्हायचं, आणि जे किडे श्वास घ्यायला वर येतात ते तिथेच मरायचे. पण एक किडा या औषधाला दाद देत नसे. मातकट रंगाचा, चपटा, सहा पायांचा, चिखलात बसून राहणारा. तो वर येतच नाही, कारण त्याचा श्वास मागच्या बाजूने चालतो. त्याच बाजूने पाणी आत ओढतो आणि पिचकारी मारून पुढे सटकतो. या माहितीवर भिकाकाकाने केलेले विनोद मी इथे लिहीत नाही. परवा नातवाने मोबाईलवर त्या किड्याचा जबडा दाखवला. खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला, आणि समोरून पिलू गेलं की तो हातासारखा पुढे फेकून धरतो. मी ते एकदाच पाहिलं आणि मोबाईल परत दिला.

त्या किड्याला आमच्याकडे वेगळं नाव नव्हतं. नुसता किडा. त्याला काढायचा एकच उपाय होता. मायचं जुनं मऊ लुगडं दुहेरी करून एक टोक काकीने धरायचं, एक मी, आणि खड्ड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत न्यायचं. काकी म्हणजे भिकाकाकाची बायको. लुगड्यात जे येईल ते मी टोपलीत घ्यायचं आणि लांब उन्हातल्या दगडांवर टाकून यायचं. बी सोडायच्या आधी आठ दिवस हे काम रोज चाले, आणि टोपली माझ्या हातात असे. पुढचं सगळं त्या टोपलीमुळे घडलं.

मायबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी तिला एक ताप आला आणि तो उतरला तेव्हा कमरेखालचं अंग गेलं होतं. त्याआधी ती तळ्याची राणी होती, असं काकी म्हणायची. दहा घरांतल्या बायकांत पोहायला तिच्यासारखी कुणी नव्हती, शिंगाडे काढायला ती गळ्यापर्यंत पाण्यात उतरायची आणि तिथूनच काठावरच्यांना टोमणे मारायची. आबाने तिला बैलगाडीत घालून कुठे कुठे नेलं. शहाद्याला नेलं, नंदुरबारला नेलं, अक्कलकुव्याच्या पुढे डोंगरात एक जडीबुटीवाला होता त्याच्याकडे दोनदा नेलं. प्रत्येक वेळी ती गाडीच्या फळीवर हादरे खात जायची आणि तशीच परत यायची. मग ती बोलायची कमी झाली. आबा बाजारातून तिच्यासाठी काहीबाही आणायचा, कधी जिलेबी, कधी काचेच्या बांगड्या, एकदा तर जुना रेडिओ. खाटेजवळ उकिडवा बसून बाजारातल्या गमती सांगायचा. ती ऐकायची, आणि थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करायची. तिचं हसणं आम्ही सगळे जणू विसरून गेलो होतो.

एके दिवशी टोपलीतला एक किडा मी मायला दाखवायला घरी आणला. का, ते आता आठवत नाही. तिला तळ्यातलं काहीतरी दाखवावं एवढंच असेल. तिने तो तळहातावर घेतला, पाठीवरच्या फुगलेल्या दोन घड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "याले ठेव पानीमा. हाऊ आते निंघी." कुठून निघणार, मला कळलं नाही. पण जर्मनच्या जुन्या पातेल्यात तळ्याचं पाणी घेतलं, तिने सांगितलं तशी लव्हाळ्याची एक काडी तिरपी लावली, आणि पातेलं तिच्या उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, आबा तळ्यावर गेल्यानंतर, तिने मला हाक मारली. किडा काडीवर चढून पाण्याबाहेर आला होता. त्याची पाठ उकलली. आतून फिकट, ओलसर असं काहीतरी डोकं काढून बाहेर झुकलं आणि उलटं लोंबकळत राहिलं. मला वाटलं मेलं. माय म्हणाली, "दम खाई ऱ्हायना." आम्ही दोघी बघत बसलो, चुलीवरचं पाणी आटून गेलं. मग त्याने एकदम उचल खाऊन काडी धरली, शेपूट ओढून काढली, आणि पाठीवरच्या चुरगळलेल्या चिंध्या हळूहळू लांब होत पंख झाले. पातेल्यातल्या काडीवर चतुर बसला होता.

तळ्यावर आम्ही रोज शेकड्यांनी चतुर पाहायचो. लाल नर एकाच काडीवर बसून राखण करायचे, दुसरा आला की त्याच्या अंगावर जायचे आणि फिरून त्याच काडीवर यायचे. पिवळ्या माद्या शेपटीचं टोक पाण्याला लावत लावत अंडी सोडायच्या. आम्ही पोरं त्यांना विमान म्हणायचो. पण आपण ज्याला दगडावर मारून टाकतो त्याच्यातून हे विमान निघतं, हे मला ठाऊक नव्हतं. मायला ठाऊक होतं, कारण चतुर पहाटे निघतात आणि ती पहाटे पाण्यात उतरणारी होती. आज आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांच्या गच्चीवर सौर पत्रे आहेत, आणि दुपारी चतुराच्या माद्या त्या चकाकीला पाणी समजून तिथे शेपूट टेकवत फिरतात. मी खिडकीत उभी राहून त्यांना हाकलते. अंडी वाळून जाणार हे त्यांना सांगता येत नाही, आणि मला बघवत नाही.

त्या सकाळी चतुराने पहिली झेप घेतली, भिंतीला थडकला, आणि येऊन बसला तो मायच्या पायाच्या अंगठ्यावर. तिला ते जाणवलं नाही, नुसतं दिसलं. ती बराच वेळ बघत राहिली. चतुराचे पाय पुढे एकत्र आलेले असतात, त्यांनी त्याला धरता येतं, बसता येतं, पण चालता येत नाही. एक वीतभर जायचं तरी त्याला उडावं लागतं. मायने हे बरोबर हेरलं. म्हणाली, "दख वं इंदू, सहा पाय शेतस याले. एक पाऊल चालता येस नही." आणि ती हसली. आधी नाकातून फुसकन हसू आलं, मग पदर तोंडाला लावला, मग खाटेच्या दोऱ्या करकरायला लागल्या. मीही हसले आणि हसताना रडायला लागले, कारण मला ते हसणं ओळखीचं वाटलं. जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुन्हा आबाले सांगू नको. त्याले वाटी मी बरी व्हई ऱ्हायनी. मंग तो परत गाडी जुपी. मन्हाघाई आते गाडीमा बसाय जावाव नही." मी हो म्हटलं. आबा दुपारी आला तेव्हा पातेलं खाटेखाली होतं आणि माय भिंतीकडे तोंड करून होती.

मला मग दुसरं काही सुचेना. मायला पुन्हा हसवायचं, एवढंच डोक्यात. दोन किडे एका पातेल्यात ठेवले तर सकाळी एकच उरायचा, दुसऱ्याला त्याने खाल्लेलं असायचं. लहान किडे पातेल्यात उपाशी मरायचे. निघायच्या बेताला आलेले टोपलीत एखाददुसरेच असत. तेव्हा मी माझ्या अकलेने एक तोड काढली. काकी घरी गेली की पाठीवर घड्या न आलेले किडे मी दगडांवर टाकायच्या ऐवजी खड्ड्याच्या लव्हाळ्याच्या कोपऱ्यात परत सोडायला लागले. तिथे वाढतील, मग एकेक करून मायकडे नेईन, असा हिशोब. किती सोडले? तीस असतील, चाळीस असतील. ते काय खाऊन वाढतील, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण मी भोयाची पोर होते. आला असणारच, आणि मी तो बाजूला सारला असणार.

आठ दिवस झाले, बी आलं. आबा अंघोळ करून पाण्यात उतरला, पिशवी तिरपी धरली, काठावर सगळे चूप. त्या दिवसापासून चुलीवर आबाचं बिनमाशाचं दुसरं पातेलं सुरू झालं. पुढच्या वीस दिवसांत मायच्या उशाशी तीन चतुर निघाले, आणि तीनही वेळा ती हसली, पहिल्याइतकी नाही, पण हसली. एकविसाव्या दिवशी आबाने आणि भिकाकाकाने बारीक जाळं खड्ड्यातून ओढलं. दरवर्षी जाळं उचलताना दोघांना जोर लावावा लागे. त्या दिवशी ते आबाच्या एका हाताने वर आलं. तळाशी ओंजळभर पिलं आणि चिखल. आबाने पुन्हा ओढलं, मग तिसऱ्यांदा. मग जाळं खाली ठेवून स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंनी. शेवटी म्हणाला, "मन्हा हात उतरना, भिका."

मी धावत घरी गेले आणि मायला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं ती मारेल, नाहीतर आबाला हाक मारायला लावेल. ती म्हणाली, "ते पातेलं ली जाय आठून." मी म्हटलं, "आबाले सांगू का?" तर म्हणाली, "आते सांगीसन काय? पानीमा गयं ते गयं. तू गप ऱ्हाय." पुढे बऱ्याच वर्षांनी मासेमारी खात्यातल्या एका साहेबांना मी आडून विचारलं होतं. ते म्हणाले, जिरं निम्मं तरी मरतंच, पाणी बिघडलं तर सगळं जातं, चाळीस किड्यांनी एवढं होईलच असं नाही. त्यांनी सांगितलं ते खरंही असेल. माझा जीव काही त्याने हलका झाला नाही.

आमच्या लोकांत अशा गोष्टीचा पंचायतीसारखा निवाडा होत नाही. कुणी आबाला काही बोललं नाही. चार दिवसांनी संध्याकाळी, अजून उजेड होता, आम्ही जेवायला बसलो आणि काकी झाकलेली वाटी घेऊन आली. आबाच्या ताटात मी मुगाची डाळ वाढली होती. काकीने ती डाळ उचलून बाजूला ठेवली आणि वाटीतलं माशाचं कालवण त्याच्या ताटात वाढलं. खोबरं-तिळाचं, दाट, वर एक मोठा तुकडा. तेव्हा मला कळलं की दहा घरांनी काय ठरवलं. बी सोडण्याचा मान भिकाकाकाकडे गेला होता, आणि त्याच वेळी शेजारच्या घरात तो कोरडी भाकरी खात असणार. काकीचे डोळे भरले होते, तिला हे काम नको होतं, पण ते बाईच्याच हातून व्हायला लागतं. ती म्हणाली, "खाय भाऊ." आबाने ताटाकडे पाहिलं. मग मायच्या खाटेकडे पाहिलं. मायचं तोंड भिंतीकडे होतं. माझ्या तोंडात घास होता. मला वाटलं आता बोलावं, आताच, घास थुंकून बोलावं. आबाने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. काटे काढून, नीट, संपूर्ण तुकडा संपवला. मग काकीला म्हणाला, "चांगलं करं वहिनी." मी बोलले नाही.

त्यानंतर आबाने कधी बी सोडलं नाही. श्रावणात भिकाकाका पाण्यात उतरायचा आणि आबा काठावर इतरांमध्ये उभा राहायचा. तो वाईट वागला नाही, कुढला नाही, जाळी विणायचा, तराफा हाकायचा, पण एसटीतल्या कंडक्टरचा किस्सा त्याने परत सांगितला नाही. माय त्यानंतर दोन हिवाळे जगली. मी तिला हसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे वं." ती गेली तेव्हा आबा तिच्या पायांशी बसून राहिला होता, पाय दाबत, जसे तो दोन-तीन वर्षं रोज दाबायचा.

मी शिकले, मास्तरीण झाले, अक्कलकुव्याकडे डोंगरातल्या शाळेत नोकरी लागली. तिथे पोरांना पाण्यातल्या किड्याचा धडा शिकवला त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. दुपारची वेळ, आबा ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आबा, त्या साले जिरं गयं ना, ते तुन्हा हातमुये नही गयं." आणि सगळं सांगितलं. टोपली, लव्हाळ्याचा कोपरा, पातेलं, मायने गप्प राहायला सांगितलं ते, सगळं. सांगताना मी त्याच्या हातांकडे बघत होते, चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. सुई जाळ्यात तशीच थांबलेली होती. मला वाटत होतं, तो आता हाताबद्दल बोलेल. गेलेल्या बारा श्रावणांबद्दल बोलेल. मी त्याचं काय घेतलं ते मला एकदा तरी सुनावेल, आणि सुनावलं तर बरंच होईल.

तो म्हणाला, "ती हासनी?"

मी म्हटलं, "हा."

"कितला येळा?"

"चार येळा."

त्याने जाळ्यात थांबलेली सुई ओढून काढली. मग म्हणाला, "मासं मरतस वं. हात काय, कोनाना ना कोनाना ऱ्हास. पन ती हासनी, ते मले काबर नही सांगं?" माय नको म्हणाली होती, हे मी आधीच सांगितलं होतं, तरी परत सांगितलं, गाडीचं, फळीवरच्या हादऱ्यांचं. त्याने मान हलवली. गाडी त्यानेच हाकली होती. "मी गाडी जुपाव नव्हतू," तो म्हणाला. "नुसतं दखतू."

मग त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि विचारलं, "कशी हासनी?"

मी सांगितलं. आधी नाकातून फुसकन, मग पदर तोंडाला, मग खाटेच्या दोऱ्या करकरल्या.

"आखो सांग," आबा म्हणाला.

मी परत सांगितलं, या खेपेला सावकाश.